एक्स्चेंजला जामीन कोण

अक्काच्या भिशीचा नंबर पौर्णिमेला निघतो. विहारात वंदना होते, मुलांना खीर वाटली जाते, आणि मग बाया विद्यानगरात अक्काच्या घरी जमतात. निम्म्याहून अधिक आमच्याकडच्या; म्हणजे ज्यांचे आईवडील नांदेड, हिंगोली, परभणी सोडून हैदराबादेत कामाला आले आणि ज्या आता नर्स, शिक्षिका, सरकारी कचेरीत कारकून आहेत अशा. बाकीच्या शेजारणी. तेलुगू बाया भिशीला चिट्टी म्हणतात. दखनी बोलणाऱ्या एक आपा आहेत, शिलाईचे दुकान सुनेवर सोपवून मोकळ्या झालेल्या. त्या कधी भिशी म्हणतात, कधी चिट्टी.

अक्का माझी थोरली बहीण. विद्यापीठाच्या कचेरीतून निवृत्त झाली. तिच्या भिशीत आजवर कुणाचे बुडालेले नाही. याचे कारण दोन नियम. नव्या बाईला आत घ्यायचे तर जुन्यांपैकी एकीने तिला जामीन राहायचे, आणि नव्या बाईचा नंबर सगळ्यात शेवटी. आधी सगळ्यांना देऊन झाल्यावर तिला मिळते. कागद काहीच नसतो. अक्काचा शब्द असतो.

त्या वर्षी बायांनी तिच्यापुढे एक नवीन गोष्ट ठेवली. भिशीतल्या एका नर्सबाईच्या मुलाने बिटकॉइन घेतले होते आणि ते वाढले होते. दर महिन्याच्या भिशीतला थोडा वाटा बाजूला काढावा, सगळ्यांचा मिळून अक्काच्या नावावर क्रिप्टोत टाकावा, आणि कोणत्या एक्स्चेंजवर ते अक्काने ठरवावे.

"आम्हाला त्यातलं कळत नाही," नर्सबाई म्हणाली. "तू म्हणशील ती चांगली."

हे सोपे वाक्य नव्हते. एक्स्चेंज बुडाली तर बायांच्या दृष्टीने ती एक्स्चेंज बुडणार नव्हती, अक्का बुडणार होती.

तिने मला फोन केला. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. निवृत्तीनंतर काचीगुड्यात राहतो. घरात कुणाला काही तपासून हवे असले की ते माझ्याकडे येते.

"आधी सांग, एक्स्चेंज म्हणजे काय? दुकान की बँक?"

"दुकान. पण तू विकत घेतलेला माल दुकानदाराच्याच कपाटात राहतो."

"आणि तो कपाटासकट गेला तर?"

"तेवढाच प्रश्न आहे, अक्का. बाकीचं सगळं त्याच्यानंतर."

मी तिच्यासाठी जे तपासले ते कुणालाही तपासता येईल असे होते. कंपनी कोणत्या देशात आहे. काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या सरकारी विभागाकडे तिची नोंद आहे का. घेताना आणि विकताना ती किती कापते हे आधी सांगते का. पैसे परत काढायला गेलेल्या लोकांचे काय झाले. या चाळणीतून एक कंपनी त्यातल्या त्यात बरी निघाली. नोंद म्हणजे हमी नव्हे, चोरी तिथेही होऊ शकते, हेही मी सांगितले. अक्काने खाते उघडायला घेतले आणि चिडली. पॅन मागितला, आधार मागितला, कॅमेऱ्यासमोर तोंड डावीकडे वळवायला सांगितले, मग उजवीकडे. शंका विचारायला फोन करावा तर रेकॉर्ड केलेला आवाज.

"मी पैसे द्यायला आलेय की चोरी करायला?" ती म्हणाली.

दरम्यान मोबाइलवरच्या एका जाहिरातीत तिने आपले पूर्ण नाव आणि नंबर भरला होता. दुसऱ्याच एका एक्स्चेंजची जाहिरात. तिथून फोन आला तेव्हा मी तिच्या घरी होतो. तिने स्पीकर लावला.

"जय भीम, मावशी," पलीकडचा पुरुष म्हणाला. "कुकटपल्लीहून बोलायलोय."

आडनावावरून त्याने ओळखले असणार. पण अक्काचा चेहरा बदलला, तो मी पाहिला. हैदराबादेत दिवसभर आपण तेलुगूत आणि दखनीत वावरतो; भाजीवाल्याशी, बस कंडक्टरशी, डॉक्टरशी. घराबाहेरून आपल्या गावच्या बोलीत आणि आपल्या अभिवादनाने हाक येते ती विहारात, लग्नात किंवा मयतीत. कंपनीच्या फोनवर ती येत नाही.

"कुठला रे तू?"

"हिंगोलीकडला, मावशी. तुम्ही?"

गावे निघाली. त्याच्या मामाचे गाव आमच्या गावापासून एका ओढ्यापलीकडे निघाले. एक्स्चेंजबद्दल तो थोडेच बोलला: कागदपत्रांची कटकट नाही, पैसे लगेच जमा, अडचण आली तर मी आहे. अक्काने त्याला चहाला बोलावून फोन ठेवला.

"बघ," ती मला म्हणाली. "तुझी कंपनी फोन उचलत नाही. हा स्वतःहून करतो."

"ह्याच्या कंपनीचं नाव सरकारी यादीत नाही."

"आमच्या भिशीचं तरी कोणत्या यादीत आहे?"

याचे उत्तर मला नंतर सुचले, आणि तोवर ते तिला दुसऱ्या कुणीतरी सांगितले होते.

पुढच्या पौर्णिमेला मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. भिशीत पुरुषांनी ऐकावे, बोलू नये असा रिवाज आहे. अक्काने सांगितले की एक्स्चेंज मिळाली. आपला माणूस आहे, आपल्याकडचा, कुठलीही गोष्ट विचारा, सांगतो. बायांनी माना डोलावल्या. नर्सबाईने तर मोबाइल बाहेर काढला.

आपा पान लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अक्का, पोट्टा अच्छा बोलता, हौ. पर उसकू लाया कौन? जामिन कौन है उसका?"

"वो बोलता ना, मैं हूँ करके."

"अपना जामिन आपीच?" आपा म्हणाल्या. "ऐसा तो हमारा मरद बी होता था."

बाया इतक्या हसल्या की आतली मुले बाहेर आली. अक्काही हसली, पण अर्धवट. आपांनी पान तोंडात ठेवले आणि पुढे म्हणाल्या, "हमकू तुम पूछे थे. नवी थी मैं, कित्ता पूछे थे! घर देखे, दुकान देखे, बरस भर आखिर में बिठाए. ये कुछ नै पूछता तो अच्छा कैसा हुआ?"

नर्सबाईने मोबाइल परत पर्समध्ये ठेवला. अक्का म्हणाली की ती कुकटपल्लीला जाऊन येईल, तोवर कुणी काही करू नये.

आम्ही मेट्रोने गेलो. अक्काने पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेतली होती. तपासणीला जाताना चटणी कशाला, असे मी विचारले. "पोरगं आपलंय," ती म्हणाली. "कंपनी कशीही असो."

त्याने फोनवर दिलेला पत्ता खरा होता. इडली-डोशाच्या एका टिफिन सेंटरच्या वरच्या मजल्यावर एक लांब खोली, टेबलांच्या रांगा, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. एका टेबलावर तेलुगू चालू होते, एकावर कन्नड, एकावर ओडिया. आमचा माणूस उठून आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. आधी तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होता, तो बंद झाल्यावर इथे लागला. त्याने जय भीम केला, बरणी दोन्ही हातांनी घेतली आणि आम्हाला खाली चहाला नेले.

मी विचारले, मालक कोण. दुबईला असतात म्हणतात, त्याने पाहिलेले नाहीत. मी विचारले, तुला पगार कोण देते. एक एजन्सी, एक्स्चेंजशी त्याचा थेट संबंध नाही. मी विचारले, मराठी लोकांना फोन तूच करतोस का. हो, ज्याची जी भाषा त्याला त्या भाषेच्या लोकांची नावे देतात. तो काहीही लपवत नव्हता. डेस्कवर असताना खोटे बोलणारा माणूस मला कधी फारसा अवघड गेला नाही. त्याचे दुवे कुठेतरी तुटतात. अवघड जातो तो प्रामाणिक माणूस, ज्याला दुसऱ्याने सांगितले आहे. त्याच्या आवाजात संशयाला जागाच नसते.

अक्काने मात्र वेगळेच विचारले.

"तुझे स्वतःचे हैत का यात?"

"हैत की. पगारातले टाकत राहतोय. दुप्पट दिसायलेत."

"दिसायलेत. काढलेस कधी?"

"वाढायलेत तर काढायचं कशाला, मावशी?"

"थोडे काढ. आता, माझ्यासमोर. आमच्या भिशीत सगळ्यांच्या डोळ्यादेखत हातात देतात."

तो हसला आणि मोबाइलवर बोट फिरवले. 'विनंती स्वीकारली' असे आले. आम्ही चहा संपवला. अक्काने आणखी चहा सांगितला. त्याने पुन्हा पुन्हा पाहिले. विनंती स्वीकारलेलीच होती, पैसे बँकेत आले नव्हते. मग सर्व्हरबद्दल काही बोलला. टाकताना किती वेळ लागला होता, असे अक्काने विचारले. लगेच, तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिले.

उठताना ती म्हणाली, "आले की फोन कर. नाही आले तरी कर. आणि बरणी आणून दे, सावकाश."

परतीच्या मेट्रोत अमीरपेटच्या पुढे ती म्हणाली, "तो जय भीम म्हणाला आणि मी विचारायचं सोडलं. खोटं नव्हता म्हणत तो. तरी पण."

काही दिवसांनी त्याचा फोन आला. पैसे अडकले होते. आधी कराची रक्कम भरा, मग सुटतील, असे त्याला कळवले होते, आणि तो मेव्हण्याकडून उसने घेऊन ती भरणार होता.

"एक पैसा भरू नको," अक्का म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

मी त्याला सांगितले की कर सरकारला भरायचा असतो. तुझेच पैसे तुला देण्यासाठी दुकान आणखी पैसे मागत असेल तर ते दुकान नव्हे. सायबर पोलिसांकडे तक्रार कर.

"म्हणजे गेले का, सर?"

"बहुधा."

"मी बाकीच्यांना फोन केलेत हो," तो म्हणाला. "आपल्याच लोकांना."

त्यानंतरच्या पौर्णिमेला अक्काने बायांना सांगितले. मी दारातच होतो. तिने फिरवून सांगितले नाही. "मी एक्स्चेंज मिळाली म्हणाले होते, ते मागं घेते. मी आवाज पाहिला होता, दुकान पाहिलं नव्हतं."

नर्सबाई म्हणाली, "मग आता कोणती?"

"कोणतीच नाही, भिशीतून. दुसऱ्याचे पैसे माझ्या नावावर ठेवून मी काय करू? तिथं पॅन एकाचा, खातं एकाचं. जिला हवं तिनं स्वतःचं उघडा. नोंद असलेली बघा, आधी अगदी थोडं टाका, ते परत काढून बघा, मग पुढं. गेलं तरी घर चालेल एवढंच."

"हे तर कुणीही सांगेल," नर्सबाई म्हणाली. "तुझा शब्द म्हणून विचारलं होतं."

"त्यात माझा शब्द चालत नाही," अक्का म्हणाली.

हे तिला जड गेले. इतक्या वर्षांत त्या खोलीत तिने असे वाक्य उच्चारले नव्हते. भिशी चालू राहिली, नंबर निघाला, पण त्या संध्याकाळी बाया लवकर गेल्या. नर्सबाईने पुढे ती तोंड डावी-उजवीकडे वळवायला लावणारी कंपनी निवडली, किरकोळ रक्कम टाकली, विकून बँकेत परत आणली आणि किती पैसे कापले तेही लिहिलेला मेसेज अक्काला दाखवला. शाबासकीसाठी की टोमणा म्हणून, ते मला कळले नाही. बहुधा दोन्ही.

बरणी परत आली ती एका पौर्णिमेलाच. तो बायकोला घेऊन आला होता. ते काम त्याने सोडले होते आणि कुरिअरच्या गोदामात लागला होता. तक्रार केली होती. पैसे आले नव्हते. ज्यांना फोन केले होते त्यांच्यापैकी जे सापडले त्यांना त्याने पुन्हा फोन करून पैसे टाकू नका म्हणून सांगितले होते. काहींनी शिव्या दिल्या होत्या. रिकामे भांडे परत करत नाहीत, म्हणून त्याच्या बायकोने बरणीत आंबाडीचे लोणचे भरून आणले होते.

चहा झाल्यावर तो चाचरत म्हणाला, "मावशी, हिला भिशीत घ्याल का? आता दुसऱ्या कशावर भरवसा राहिला नाही."

आपांनी पानाचा डबा बंद केला आणि अक्काकडे पाहिले. बाकीच्यांनीही पाहिले. जामीन राहायला त्या खोलीत एकच बाई शक्य होती. अक्काने लोणच्याच्या बरणीचे झाकण घट्ट केले, पुन्हा सैल केले.

"या साली नको," ती त्याच्या बायकोला म्हणाली. "वर्षभर नुसती येत जा. बस, बघ, आम्ही कसं करतो ते. आम्ही बी तुला बघू. मग पुढच्या साली जामीन कोण ते ठरवू."

त्याचा चेहरा उतरला. त्याची बायको मात्र अक्काकडे पाहत होती.

"कुठं बसू, अक्का?" तिने विचारले.

आपांनी थोडे सरकून आपल्या शेजारी जागा केली.