चुलतभावाची कंबर

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात श्रीवत्सचं कापडाचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून चुलतभाऊ प्रसादचं. दोघांचे आजे सख्खे भाऊ, मिरजेकडून एकाच बैलगाडीत हुबळीला आले म्हणतात. त्या गाडीत पुढं कोण बसलं होतं, यावर मात्र दोन्ही घरांचं अजून एकमत नाही.

त्या वर्षी दोघांनाही एकच दुखणं लागलं. कमरेतून उठलेली कळ कुल्ल्यातून, मांडीच्या मागून सरळ पोटरीत उतरायची. सायटिका. प्रसादही कण्हत होता, तोवर श्रीवत्सला आपलं दुखणं सोसवत होतं. मग प्रसाद विद्यानगरातल्या, हातानं मणके दाबून बसवणाऱ्या एका कायरोप्रॅक्टर बाईंकडे, डॉक्टर अर्चनांकडे, जाऊ लागला. दसऱ्याच्या गर्दीत तो पुन्हा स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे तागे काढू लागला.

"बाईंनी दाबलं, कटकन आवाज आला, आणि पाय मोकळा," येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा. एकदा म्हणाला, "अण्णा, तू पण जाऊन ये की."

ते 'तू पण' श्रीवत्सला कळेपेक्षा जास्त बोचलं.

घरी त्याची बायको, शालिनीवहिनी, म्हणाल्या, "भावजींना गुण आला तर तुम्ही का जळताय? जा की एकदा."

"मी कशाला जळू? त्याला मुळात काही झालंच नव्हतं. सगळं सोंग."

पण त्याच्या डाव्या पायातली चप्पल हल्ली चालता चालता निसटून मागं राहायची. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी बँकेत जातो म्हणून तो घरातून निघाला आणि विद्यानगरात पोचला.

अर्चनाबाईंनी त्याला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. तो अर्ध्यातच कळवळला. मग म्हणाल्या, "टाचांवर चालून दाखवा." उजवा चवडा उचलला गेला, डावा फरशीला टेकलेलाच राहिला.

"लघवीला काही त्रास?"

"नाही."

"चप्पल निसटते?"

"हल्ली."

"मग आज मी तुमच्या कमरेवर दाब देणार नाही."

"प्रसादला दिलात."

"दुसऱ्या पेशंटबद्दल मी बोलत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. टेबलावरचा प्लास्टिकचा मणका त्यांनी हातात घेतला. "कळ एकाच वाटेनं उतरते, पण नस कुठं अडकली ते प्रत्येकाचं वेगळं. कुणाची कुल्ल्यातल्या आखडलेल्या स्नायूखाली. कुणाची इथं, दोन मणक्यांमधली गादी सरकून. वाकून गठ्ठे उचलता ना? तुमच्या पायातला जोर कमी झालाय. अशात मी झटका दिला तर पाय कायमचा जाऊ शकतो. उद्याच एमआरआय करा आणि मणक्याच्या सर्जनना दाखवा."

श्रीवत्स जिना उतरला तो धुमसतच. दुखणंसुद्धा प्रसादच्याच वाट्याला सोपं आलं. त्याला कटकन बरं व्हायचं, आणि आपल्याला सर्जन. एमआरआयची चिठ्ठी त्यानं खिशात कोंबली आणि तशीच ठेवली.

आठवडाभरात, खांद्यावर गठ्ठा घेऊन दुकानाची पायरी उतरताना डावा पाय घासला आणि तो भर बाजारात, हातगाड्यांच्या मधे कोसळला. प्रसाद धावत आला. झर्रकन वाकून त्यानं अण्णाच्या काखेत हात घातले. कळेनं डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी श्रीवत्सच्या मनात आलं, किती सहज वाकतो हा.

एमआरआयमध्ये गादी फाटून नसेवर बसलेली दिसली. ऑपरेशन झालं. तेवढे दिवस दोन्ही दुकानं प्रसादनं सांभाळली. संध्याकाळी तो दवाखान्यात यायचा. "अण्णा, आज तुझ्याकडं माझ्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक."

श्रीवत्सनं उशीवरून मान उचलली. आपण नसताना एवढं? "विचारत कुणाला होते?"

"तुलाच. मला कापड सरळ फाडता येत नाही म्हणाले."

खरं की खोटं, देव जाणे. श्रीवत्सनं ते खरं धरलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

पायात जोर आला, अंगठा तेवढा अजून आळशी आहे. सर्जननी हो म्हटल्यावर अर्चनाबाईंनीच त्याला व्यायाम शिकवले; गुडघे वाकवून, ओझं अंगाशी धरून उचलायला लावलं. आता सकाळी दोघे भाऊ उणकल तलावाकाठी फिरायला जातात. प्रसाद मुद्दाम हळू चालतो.

"तू जा पुढं," श्रीवत्स म्हणतो.

"राहू दे की. घाई काय आहे?"

तो थांबला की श्रीवत्सला राग येतो. पुढं गेला की त्याहून जास्त येतो. पण एखाद्या सकाळी प्रसाद आला नाही, तर तो त्याच्या दारात उभा राहून हाक मारतो आणि आतून उत्तर येईपर्यंत हलत नाही.