मुरुमच्या बाजारात दिलेला जॅक

उमरग्याहून मुरुमला पोहोचलो तेव्हा बाजार ऐन भरात होता. धान्याची पोती, दुचाक्यांची गर्दी, निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं कन्नडमध्ये. बाजारामागच्या मोकळ्या जागेत मी गाडी लावली.

शेजारच्या पांढऱ्या व्हॅनखाली दोघं आडवे झाले होते. एकानं तोंड न दाखवताच हाक मारली, "काका, जॅक हाय का? आमचा बसलाय."

परोपकाराची मला भारी हौस. जॅक दिला, वर "पाना हवाय का?" असंही विचारलं. तासाभरानं ज्वारी घेऊन परत आलो, तर जॅक माझ्या चाकापाशी ठेवलेला. काय सज्जन माणसं, असं म्हणत तो डिकीत टाकला.

तेवढ्यात व्हॅनचा मालक बसप्पा आला. तिशीतला, मुरुमचाच. त्यानं चावी फिरवली आणि व्हॅन ट्रॅक्टरसारखी गरजली. तो खाली वाकला. "सायलेन्सर नेला की हो! उद्या शाळेची पोरं कशी न्यायची?"

नळी कापलेली होती. सायलेन्सरच्या आत महागडा धातू असतो, म्हणून चोर तो काढून नेतात, हे मी पेपरात वाचलं होतं. वाचून काय दिवे लावले!

"हात लावू नकोस, आधी फोटो काढ," मी शहाणपण शिकवलं आणि त्याच्यासोबत ठाण्यात गेलो. दोघं होते, चेहरे दिसले नाहीत, इतकंच सांगितलं. जॅकवर त्यांच्या बोटांचे ठसे असणार, हे मला कळत होतं. पण तो मीच दिला, हे तोंडातून निघेना. अब्रूला भ्यालो, दुसरं काय.

साक्ष दिली म्हणून बसप्पानं मला बळंच घरी नेलं. त्याच्या बायकोनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हुग्गी (गव्हाची खीर) वाढली. "ऊटा माड्री (जेवण करा)," म्हणत तो समोर बसून राहिला. मी मान खाली घालून जेवलो आणि निघालो.

पुण्याला घरी परतलो, पण चैन पडेना. इतकी वर्षं हिंडलो, माणसं ओळखण्याची फुशारकी मारली, आणि स्वतःलाच ओळखलं नव्हतं. चौथ्या दिवशी बसप्पाला फोन करून सगळं सांगून टाकलं. जॅक पाठवतो म्हणालो.

"आता कशाला, काका? तुमचेच हात लागले असतील त्याला," बसप्पा म्हणाला. "शेंगा इकणाऱ्या मावशीनं तुमाला जॅक देताना बघितलं व्हतं. ठाण्यातून घरी येताना, तुमी गाडी काढत व्हता तवा तिनं मला सांगितलं."

"मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"पाव्हणा ताटावर बसल्यावर कसं इचारायचं? मला वाटलं, जेवून उठल्यावर तुमीच सांगाल."