आक्कांची चमकी

“दिव्याखाली नगं, उंबऱ्यावर बघूया!” असं म्हणत आक्का खडा चिमटीत धरून सरळ दुकानाच्या दारात जायच्या. मालकांचा जीव खालीवर. पण आक्कांना अडवणार कोण? “दुकानातल्या दिव्यात काचबी हसतीय,” हे वर ऐकवायच्या.

मी शहापुरात एका सराफाच्या दुकानात काउंटरला असते. आक्का शेजारच्या खासबागच्या, जन्म सगळा मागावर साड्या विणण्यात गेलेला. सुताचा रंग दारातल्या उजेडात पारखायच्या, तसाच हिराही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीचं लग्न ठरलं आणि बाईंनी हट्टच धरला, नाकात हिऱ्याची चमकी घालून लग्नात पुढं उभं राहायचं. खाणीतला हिरा झेपणार नव्हता, म्हणून लॅबमध्ये बनवलेला.

किती खेपा घातल्या, विचारू नका. मालकांनी एक मोठा खडा पुढं केला. आक्कांनी तो उंबऱ्यावर पांढऱ्या कागदावर ठेवला.

“दुधाळ हाय ह्यो. नुसता मोठा घिऊन काय चाटू?”

शेवटी लहानच निवडला, पण त्याचं पाणी असं स्वच्छ, की बघत राहावं. कडेला कोरलेला बारीक नंबर मला भिंगातून वाचायला लावला, सर्टिफिकेटशी ताडून घेतला, मगच मान हलवली.

तेवढ्यात त्यांची थोरली जाऊ पाठोपाठ येऊन थडकली. “नवरा गेलेली बाई चमकी घालतीय व्हय? आन् हिरा तरी खरा हाय का? कारखान्यातला!”

“कारखान्यात झाला म्हणून खोटा? मग आपल्या मागावरची साडी काय झाडाला लागतीय, जाऊबाई?”

सगळं दुकान हसलं. मीही हसले, मालक समोर असूनही.

“पण आक्का, नाकाचं भोक बुजलं असेल,” मी म्हटलं.

आक्कांनी नाकातून कडुलिंबाची इवलीशी काडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. “नवरा गेला तवा सासरच्यांनी चमकी काढून घेतली. दुसऱ्या दिसापासनं काडी घालतीया. बुजू दिलं न्हाय.”

इतकी वर्षं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि संतापही आला. नवरा मेला तर बाईच्या नाकाचा काय गुन्हा हो?

लग्नात मी गेले होते. आक्का अगदी पुढं, मान ताठ. थोरली जाऊ तोंड फिरवून बसली होती. आक्का तिच्याकडं बघून खुशाल हसल्या.

मागच्या वर्षी आक्का गेल्या. चमकी काढायला कुणीतरी हात पुढं केला, तेव्हा लेक आडवी आली. “आईच्या नाकाला कुणी हात लावायचा न्हाय.” तशाच नेल्या.

परवा दुपारी थोरल्या जाऊबाई दुकानात आल्या. त्यांचेही यजमान नुकतेच वारलेत. कपाळ मोकळं, पदर नाकावर ओढलेला. काउंटरला टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, “तिनं घेतलेली, तसलीच दाव.”

पदर थोडा सरकला. नाकात कडुलिंबाची काडी होती.

मी खड्यांचा ट्रे उचलला आणि त्यांना घेऊन उंबऱ्यावर आले.