चूळ भरून उतरणारे हुसेन सारंग

हुसेनभाईंना धर्मा सुकाण्याचा सलाम. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? भाभींचा दमा थंडीत वर आला नाही ना? सूनबाईंची डोकेदुखी चष्म्याने थांबली का? धाकट्या नातवाचा कान वाहत होता, तो सुकला का? आणि शेळी? आमच्याकडे सगळी ठीक. माझी कंबर तेवढी अधूनमधून रुसते.

मंडळी, पंचाहत्तरीच्या गौरवलेखाची सुरुवात अशी होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी शाळा पाहिली चौथीपर्यंत. लिहायचा हात बसला तो हुसेनभाईंची पत्रं लिहून, आणि त्यांची पत्रं अशीच सुरू होत. पनवेलच्या मोहल्ल्यातले हुसेनभाई मालवाहू बोटीवर सारंग होते, म्हणजे आम्हा खलाशांचे मुकादम. त्यांना अक्षरओळख नव्हती. ते सांगत आणि मी लिहीत असे. "एकेकाचं नाव घे, धर्मा. कोणी गळता नये. शेळीपण." एकदा मी म्हणालो, "शेळी काय पत्र वाचते, सारंग?" तर म्हणाले, "शेळी नाय वाचत. तिला चारा घालणारी वाचते." बायकोची चौकशी याहून उघडपणे त्यांनी कधी केली नाही.

आमची पहिली ओळख झाली ती मात्र निराळ्याच भाषेत. मी पनवेलजवळच्या ओवे गावचा, खाडीतल्या होडीपलीकडे काही न पाहिलेला. मुंबईच्या गोदीत पहिल्याच दिवशी बोट बांधायचा जाडजूड दोर हातात आला आणि मी तो भीतभीत धरला. मागून आवाज आला, "अरे ओव्याच्या नवरदेवा! खाट वाजली तर सासू उठेल म्हणून घाबरतोस काय? ओढ की!" सगळे हसले, माझे कान तापले, आणि दोर मात्र सरसर वर आला.

हीच त्यांची काम करून घेण्याची रीत. शिवी दिली की माणूस हात आखडतो, हसवला की जोर लावतो, असं ते म्हणत. त्यांचे काही बोल छापण्याजोगे आहेत, ते देतो. "कप्तान पादला तर वारा सुटला, खलाशी पादला तर डाळ नासली." "खलाशाची सुट्टी दोन महिने, पाळणा बारमाही." "वाऱ्याकडे तोंड करून ओकू नये, बायकोकडे तोंड करून थापा मारू नयेत. दोन्ही आपल्याच अंगावर येतं." बाकीचे संपादकांना सोसायचे नाहीत.

पण त्या चावटपणालाही कायदा होता. कोणाची आई-बहीण काढायची नाही, कोणाची जात नाही, देव नाही. एका खलाशाने दुसऱ्याची आई काढली, तर हुसेनभाईंनी त्याला सगळ्यांदेखत समुद्राच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या. स्वतः ते बंदरात उतरण्याआधी, शिडीच्या तोंडाशी उभे राहून, न चुकता चूळ भरत. "बोटीवरचं बोटीवर," म्हणत आणि उतरत. जमिनीवर चारचौघांत त्यांच्या तोंडून वावगा शब्द मी कधी ऐकला नाही; आम्ही खलाशीच असलो तर गोष्ट निराळी.

माझे वडील गेल्याची तार बोटीच्या बिनतारी यंत्रावर आली तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो. हुसेनभाई दोन दिवस माझ्या शेजारी नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावरच एक चावट ओळ रचली. मी हसलो, आणि त्या हसण्यातून मला पहिल्यांदा रडू फुटलं. त्यांच्या सगळ्या बोलांसारखी तीही ओळ मी वहीत उतरवून ठेवली होती.

त्या वहीनेच माझा घात केला. न्हावा-शेव्याचं नवं बंदर सुरू झालं, त्या वर्षी पनवेलला आम्हा निवृत्त खलाशांचा मेळावा भरला. बायकापोरं आली होती. मला बोलायला उभं केलं. वही खिशात होतीच. एक म्हण वाचली, हशा पिकला. "होऊ द्या अजून, सुकाणी!" माझ्या अंगात वारं भरलं. हुसेनभाईंचं नाव घेऊन एकामागून एक वाचत सुटलो, न वाचण्यासारख्याही. बायकांच्या रांगेत भाभींनी पदर तोंडावर ओढला. हुसेनभाई उठून बाहेर गेले. मी मागोमाग धावलो. चपला घालता घालता ते म्हणाले, "धर्मा, बोटीतलं मळकं पाणी बंदरात सोडतात काय रे?"

बस, एवढंच. पुढे ईदला शिरखुर्मा आला, दिवाळीला ते फराळाला आले. गुडघा, पाऊस, सगळं बोललो. चावट शब्द मात्र, दोघेच असतानाही, पुन्हा एकही नाही. मी तर त्याच दिवशी घरी येऊन वही बंबात घातली होती. प्रायश्चित्त समजलो; ती दुसरी चूक होती. आता त्या बोटीवरचे आम्ही दोघेच उरलो. नव्या बोटींवर यंत्र दोर ओढतं, त्याला हसवावं लागत नाही. आणि वडिलांच्या वेळची ती ओळ मला काही केल्या आठवत नाही.

गेल्या महिन्यात या लेखाची परवानगी मागायला गेलो, तर हुसेनभाई नमाजाला गेलेले. मी भाभींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कसली माफी, भाऊ? त्या दिवशी मी लाजले नव्हते. हसू आवरेना म्हणून पदर घेतला. चार बायकांत तोंड उघडून कशी हसू?"

मी विचारलं, "मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"त्यांनी विचारलं कुठं? मला वाटलं, मी हसले तेच त्यांना लागलं. आयुष्यभर पत्रं आली, शेळीचीसुद्धा तब्येत विचारली. पण माझा माणूस बोलतो कसा, ते त्या दिवशी कळलं. आणि त्या दिवसापासून ते गप्पच." मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "तुम्ही लिहा. छापलेलं त्यांना वाचून दाखवीन मी."

तेव्हा हुसेनभाई, भाभी हे वाचत असतील आणि तुम्ही समोर बसून ऐकत असाल. माझ्या आगाऊपणाने तुमची इतकी वर्षं मुकी गेली, त्याची भरपाई माझ्याकडे नाही. पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. गुडघा साथ देवो, भाभींचा श्वास मोकळा राहो, दोघांनाही उदंड आयुष्य लाभो. आणि माझ्या वडिलांच्या वेळची ती ओळ आठवत असेल, तर उत्तर लवकर पाठवा. सांगणारे तुम्ही, लिहिणाऱ्या भाभी. या खेपेला आधी चूळ मात्र भरू नका.