बापाची हाळी

"मॅडम, त्या पोरीला उठवा. सतरंजीला मेंढराचा वास लागतोय."

वाचनालयाचे अध्यक्ष दारातूनच बोलले. कृष्णाकाठचं हे गाव. शनिवारी अंगणवाडीची लेकरं इथे गोष्ट ऐकायला येतात. ती सांगायचं काम माझं. त्या पोरीचा बाप अध्यक्षांच्याच रानात उतरला होता. ऊस निघाला की खतासाठी रानात मेंढरं बसवायची, ही इथली रीत. रानाला मेंढरं हवीत. सतरंजीला मेंढपाळाचं लेकरू नको.

तिला उठवलं मी. दंडाला धरून, गोड आवाजात, चपलांपाशी नेऊन बसवलं. माझ्या तळव्याला लोकरीचा धुरकट वास चिकटला. ओळखीचा. मी माणदेशातल्या मेंढपाळाची मुलगी. इथे हे कोणाला ठाऊक नव्हतं. होऊ नये म्हणून मी जिभेवरचा एकेक शब्द घासून घेतला होता.

मग गोष्ट सांगितली. कळपातून चुकलेल्या कोकराची. त्याला बोलावताना माझ्या गळ्यातून बापाची हाळी निघाली. लांब, शेवटी उंच चढणारी. लेकरं खिदळली. अध्यक्ष म्हणाले, "लय झ्याक, मॅडम."

दारातली पोर ताडकन उठली आणि मागे वळून रस्त्याकडे पाहू लागली. तिला वाटलं, बाप आला.

तिची आई पायरीशी उभी होती. "आवं बाई, ही हाळी आमच्या माणातली हाय. तुमी कुनाच्या?"

अध्यक्ष ऐकत होते.

"पुस्तकात आहे," मी म्हणाले.

"पुस्तकात आवाज बी असतुया व्हय," ती म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन गेली.

बाप अजून माळावर तीच हाळी घालतो. मी ती वापरली, आणि त्याला नाकारलं.

पुढच्या शनिवारी रान रिकामं होतं. लेंड्यांची काळी पखरण, चुलीचे काळवंडलेले दगड. मी सतरंजी अंथरत होते. अध्यक्ष हसत आले. "आज वास न्हाई."

"आहे. माझा आहे. मी मेंढपाळाची मुलगी. त्या दिवशीची हाळी माझ्या बापाची."

"मग आदी सांगायचं हुतं."

"सांगायला हवं होतं. आता या सतरंजीवरून कोणाला उठवायचं असेल तर मला उठवा. लेकराला मी उठवणार नाही."

"समितीत बगू," ते म्हणाले.

बघू देत. त्या पोरीने हे ऐकलेलं नाही. तिच्या लेखी मी अजून तिला चपलांत बसवणारी बाईच आहे, आणि ते खरं आहे. उद्या पिशवीत पुस्तक घालून मी त्यांचा तळ शोधायला निघणार. गोष्टीआधी तिच्या आईला माझ्या बापाचं नाव सांगणार. उभ्यानेच. ती बसा म्हणाली, तरच बसेन.