अक्कांचा हात आणि नळाचं पाणी

आमच्या कॉलनीत नळाला जे येतं त्याला पाणी म्हणायची माझी तयारी नाही. लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अंगाला लावलेल्या साबणाला फेस येईना आणि केस धुतले तर त्यांच्या दोऱ्या झाल्या. नळाच्या तोंडाला पांढरे खडे, शॉवरची अर्धी भोकं बुजलेली, गिझरची कॉइल दर वर्षी नवी. उन्हाळ्यात कूलरचं गवत इतकं कडक व्हायचं की काढताना हात सोलून निघायचे. स्टीलचे पेले चिंचेने घासा नाहीतर लिंबाने, वाळले की पुन्हा पांढरे! मी चिडले की नवरा म्हणायचा, "अगं, बोरचं पाणी आहे, क्षार असणारच." वा रे वा, म्हणजे मला माहीतच नव्हतं!

पण नळ आणि गिझर बदलता येतात. माझा राग आहे तो त्या पाण्याने माझ्या सासूबाईंचं जे केलं त्याचा.

सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, सासऱ्यांना आबा म्हणायचे. दोघांचं आयुष्य भडगावजवळच्या एका खेड्यात गेलं, गिरणेकाठच्या विहिरीचं गोड पाणी पिऊन. गुडघे थकले तशी शेती वाट्याने दिली आणि दोघं आमच्याकडे राहायला आली. अक्कांच्या वरणाचं गावात नाव होतं. कुणाच्या घरी लग्न असलं की वरणाच्या पातेल्यापाशी त्यांनाच बोलवायचे. आबांना तर दोन्ही वेळा ताटात वरण लागायचं, बाकी काही नसलं तरी चालायचं.

आमच्या घरी त्यांची डाळ शिजेना. कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या, डाळ आधी भिजत घातली, रवीने घुसळली, तरी वर पाणी आणि खाली दाणे. मी खापर दुकानदारावर फोडायचे, आणि माझी पाळी असली की सरळ मिक्सरमधून फिरवून मोकळी व्हायचे. अक्कांना ते बिलकूल पटायचं नाही. आबा सुरुवातीला हसत हसत त्यांच्या अहिराणीत विचारायचे, "हाई डाय शे का मुरूम?" पुढे पुढे ते हसायचेही थांबले.

एकदा शेजारणीने वाटीभर वरण पाठवलं, वर साजूक तूप. मऊसूत, अगदी लोण्यासारखं. आबांनी वाटी बोटाने पुसून खाल्ली. त्यांचा हिशेब सरळ होता. नळ तोच, दुकान तेच, डाळ तीच, मग राहिलं काय? अक्कांकडे बघून म्हणाले, "तुना हात गया आते." तुझा हात गेला आता.

 दुसऱ्या दिवसापासून अक्का गॅसजवळ आल्याच नाहीत. भाजी निवडून द्यायच्या, लसूण सोलून द्यायच्या, बस. मी म्हटलं, "अहो अक्का, त्यांच्या बोलण्याचं काय एवढं मनावर घेता?" तर आपल्या तळहाताकडे बघत म्हणाल्या, "खरं शे ना पण. वय जास तसा हात बी जास." मला आबांचा असा संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

माणूस वाईट नव्हता हो. तोंडाला आलं ते बोलायचे आणि विसरून जायचे. या हिवाळ्यात ते गेले. सकाळी चहा पिऊन खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. अक्का रडताना एकच म्हणत राहिल्या, की शेवटी शेवटी त्यांच्या पोटात माझ्या हातचं काही गेलं नाही.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली. वर्षाच्या आत गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे आखाजीला डेरगं पुजतात, म्हणजे मोठं मातीचं मडकं. त्यात पाणी भरायचं, वर खरबूज आणि आंबा ठेवायचा, आणि त्या माणसाच्या नावाने जेवणाचा घास निखाऱ्यावर टाकायचा. अक्कांनी माझ्या नवऱ्याला निक्षून सांगितलं, आबांच्या डेरग्यात हे नळाचं पाणी घालायचं नाही, गावाकडच्या विहिरीचं घेऊन ये. पुरणाला मात्र त्या हात लावायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "जो हात त्यांना नको झाला, त्या हातचं त्यांना कशाला? तूच कर माय."

नवरा सकाळी सकाळी मोटरसायकलवर गावाला जाऊन दोन कॅन भरून घेऊन आला. डेरगं भरूनही पाणी उरलं. नेमकी त्या दिवशी बोरची मोटर जळालेली आणि टाकी कोरडी, म्हणून पुरणाची डाळ मी त्या उरलेल्या पाण्यातच लावली. कुकर उघडला, चाळणीवर ओतायला गेले, तर डाळ गाळ होऊन चाळणीतून खाली उतरायला लागली.

"अक्का! जरा इकडे या!"

त्या आल्या. एक दाणा बोटांत धरला. धरला कसला, तो विरघळलाच. "कोनतं पानी टाकं?" त्यांनी विचारलं. मी कॅनकडे बोट दाखवलं.

मी पदर खोचून तशीच शेजारणीच्या दारात गेले. विचारलं, तुमचं वरण कसं हो शिजतं? ती हसली. "अगं, डाळीला मी फिल्टरचं पाणी घालते. नळाच्या पाण्यात कुठे शिजतेय?" फिल्टर आमच्याकडेही होता! पण तो प्यायला द्यायचा तेवढंच पाणी मोरीत सोडायचा, म्हणून अक्का ते फक्त पिण्यापुरतं घ्यायच्या. त्या पाण्यात डाळ शिजवायची म्हणजे त्यांच्या मते माज होता. भिंतीला भिंत लागून आमची घरं, आणि इतकी साधी गोष्ट आम्ही कुणी कुणाला विचारली नव्हती.

घरी येऊन अक्कांना सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग आते त्यासले कोन सांगी?"

आबांना आता कोण सांगणार?  माझ्याच डोळ्यांना पाणी आलं.

अक्कांनी मला बाजूला सारलं. तुरीची डाळ धुतली, कॅनमधलं उरलंसुरलं पाणी घातलं, हळद-हिंग टाकून कुकर लावला. रवी पुढे केली तर नको म्हणाल्या, पळीच्या पाठीनेच दोनदा फिरवलं. पुरणाची डाळ तशीच पडून राहिली.

मग डेरग्यापुढे बसल्या. वरणभाताचा घास तुपात कालवून निखाऱ्यावर ठेवला.

"खाई ल्या आते," त्या म्हणाल्या. "पानी खराब व्हतं. हात तोच शे."

घास चरचरला आणि काळा पडला. तो पुरता जळेपर्यंत अक्का बघत राहिल्या, मग त्यांनी दुसरा घास कालवला.