दोन्ही हातांनी

"ओंजळ खाली धर. आनखी खाली. तांब्याला लागंल."

दौंडला शाळेच्या व्हरांड्यात, समद्यांफुडं, मास्तर हे बोलला. मी वाकले. पानी वरनं पडलं, निम्मं कोपरावरनं लुगड्यात गेलं. चटईवरली पोरं हसली. मला राग यायला पायजे व्हता. न्हाई आला. अंगाचं लाकूड झालेलं. जल्मापासनं पानी असंच प्यालेली मी.

रेल्वेच्या दवाखान्यात मी झाडू मारायची. औषधाच्या बाटलीवरलं इंग्रजी वाचता आलं तर आया म्हनून घेऊ, असं डाक्टरीनबाई म्हनल्या व्हत्या. म्हनून संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला जायची. जागा पायरीवर. महारवाड्यातलीला चटईवर कोन बसू देतंय!

पायरीवर आनखी एक जन व्हता. स्टेशनाजवळ दातांच्या कवळ्या बनवनारा म्हातारा चिनी, कलकत्त्याकडनं आलेला. इंजनावरल्या साहेब लोकांशी बोलता यावं म्हनून ह्या वयात पाटी घिऊन बसला व्हता. तो चटईवर टेकला की शेजारचे उठायचे, मग आला माझ्याकडं. मी त्याला मामा म्हनायची. तो मला बेटी. दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्या मी आनायची, आन् दोगं त्यावरली अक्षरं लावत बसायचो. मी चुकले की तो हसायचा, तो चुकला की मी.

एकदा त्यानं किटलीतनं चहा आनला. बिनकानाच्या कपात वतला. मी सवयीनं ओंजळ फुडं केली. तो बघतच राह्यला.

"बेटी, हाथ जलेगा."

मग दोन्ही हातांनी कप धरला, जरासा वाकला आन् माझ्याफुडं केला. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पर तो हालंना.

"हमारे यहाँ ऐसे ही देते हैं."

माझी बोटं त्याच्या बोटांना लागली. त्यानं हात मागं घेतला न्हाई. चहाची चव काय ती आता आठवत न्हाई. ती बोटं आठवतात.

फुडं चीनची लढाई लागली. पोलीस वर्गातच आले त्याला न्यायला. का, कुठं, कुनी सांगितलं न्हाई. जाताना मामानं पानी मागितलं. मास्तर तांब्या घिऊन उठला.

"खाली धर."

मामानं ओंजळ धरली. अगदी माझ्यावानी. पानी त्याच्या बाह्यांत गेलं. आन् माझ्या सोताच्या ओंजळीनं जे कदी झालं न्हाई, ते त्याच्या ओंजळीनं झालं. पेटले मी.

चटई तुडवत गेले. मास्तरचा पेला उचलला, माठात बुडवला, दोन्ही हातांनी मामाफुडं धरला. तो सावकाश, समदं पानी प्याला.

"माठ बाटवलास!" मास्तर वरडला.

"व्हय. बाटवला."

वर्ग बंद झाला माझा. आया व्हायचं राह्यलं. मामा परत आला न्हाई. मी झाडूच मारत राह्यले. पर त्या दिसापासनं कुनाफुडं ओंजळ धरली न्हाई. द्यायचं तर हातात द्या. न्हाईतर तहानेनं मरंन, पर वाकनार न्हाई.